बॅबेजचें गणनयंत्र आणि सरकारी तिजोरी

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीं दर्यावर्दी, ज्योतिषी आणि विमेवाले यांचा सारा भरंवसा छापील कोष्टकांवर असे. हीं कोष्टकें माणसें हातानें आंकडेमोड करून तयार करीत. त्यांत हिशेबाच्या चुका होत, नकलेंत होत, आणि खिळे जुळवितांना तर होतच होत. ही उठाठेव दांतेरी चाकांकडे सोंपवावी व उत्तराचा ठसाहि यंत्रानेंच उमटवावा, अशी चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाची कल्पना होती. १८२२ सालीं त्यानें लहानसा नमुना करून दाखविला. रॉयल सोसायटीनें अनुकूल अभिप्राय दिला, आणि १८२३ सालीं सरकारनें १,५०० पौंड मंजूर केले.

तंट्याचें बीज येथेंच पडलें. अर्थमंत्र्यांशीं बॅबेजचें जें बोलणें झालें त्याचें टिपण कोणीं ठेवलें नाहीं. यंत्र पुरें होईपर्यंतचा खर्च सरकार सोसणार, अशी बॅबेजची समजूत. तसें कोणतेंहि वचन दिलें नव्हतें, अशी खजिन्याची. १८३३ सालीं जोसेफ क्लेमंट या कुशल यंत्रकाराशीं पैशावरून बिनसलें आणि काम थांबलें. या उद्योगांत सरकारचे सुमारे १७,००० पौंड खर्ची पडले. हातीं आला तो यंत्राचा सुमारे सातवा हिस्सा. पण तेवढा मात्र बिनचूक चालत होता.

यानंतर बॅबेजनें जें केलें तें प्रामाणिकपणाचें असलें तरी शहाणपणाचें नव्हतें. १८३४ सालीं त्याला याहून फार समर्थ असें यंत्र सुचलें, आणि त्यापुढें जुनें फिकें पडेल, हें त्यानें स्वतःच सरकारला कळविलें. जुनें पुरें करावयाचें कीं नवें हातीं घ्यावयाचें, एवढाच त्याचा प्रश्न होता. पूर्वींचे पैसे बुडाले, असा त्याचा अर्थ खजिन्यानें घेतला असल्यास नवल नाहीं. उत्तर यावयास आठ वर्षें लागलीं. १८४२ सालीं राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांनीं यंत्र निरुपयोगी असल्याचें मत दिलें, आणि ३ नोव्हेंबरला अर्थमंत्री गूलबर्न यांनीं नकार कळविला. त्या वर्षीं तिजोरींत तूट होती, मुख्य प्रधान पील यांनीं प्राप्तीवरील कर नव्यानें बसविला होता, आणि गिरण्यांचे मजूर संपावर गेले होते, हें विसरतां येत नाहीं. तथापि बॅबेजशीं ज्यांचें वर्षानुवर्षें पटत नव्हतें, अशा तज्ज्ञाच्या शब्दाला एवढें वजन देणें न्यायाचें नव्हतें.

११ नोव्हेंबरला बॅबेज पील यांना भेटला. यंत्राची उपयुक्तता पटवून देण्याची ही शेवटची संधि. ती त्यानें गाऱ्हाण्यांत घालविली. इतर विद्वानांना पदें मिळालीं, आपल्याला कांहींच मिळालें नाहीं! तुमच्याच नव्या शोधानें जुनें यंत्र निरुपयोगी ठरविलें, असें पील म्हणाले. बॅबेज निरोप घेऊन तडक बाहेर पडला.

१८५२ सालीं त्यानें पहिल्याच यंत्राचे सुधारलेले, सुटसुटीत आराखडे सरकारला देऊं केले. खर्च मोठा व यश संशयास्पद, म्हणून डिझरायली यांच्या अर्थखात्यानें तेहि नाकारले. पुढल्याच वर्षीं स्वीडनमधील शॉइट्स पितापुत्रांनीं, बॅबेजच्या यंत्राविषयींचा लेख वाचून घेतलेल्या स्फूर्तीनें, आपलें यंत्र पुरें केलें. त्याची प्रत ब्रिटिश सरकारनेंच जन्ममृत्यूच्या नोंदणी-कचेरीसाठीं करवून घेतली. बॅबेजनें या पितापुत्रांचें मोकळ्या मनानें कौतुक केलें, हें त्याच्या तापट स्वभावाला शोभेसें नसलें तरी खरें आहे.

१८५२ सालीं नाकारलेल्या त्या आराखड्यांवरून लंडनच्या सायन्स म्युझियमनें १९९१ सालीं यंत्राचा गणन-भाग उभारला. त्यानें ३१ आंकडी हिशेब बिनचूक केला. छपाईचा भाग २००२ सालीं पुरा झाला.