झुंजीचा कायदा आणि वाडीवरचा कोंबडा

कर्जत-खालापूर भागात कोंबड्यांच्या झुंजीवर कायद्याची नजर गेली ती पक्ष्याच्या कणवेपोटी नव्हे, तर पैजेच्या पैशामुळे. मुंबई जुगार प्रतिबंधक अधिनियमाच्या (१८८७) कलम १२ नुसार रस्त्यावर किंवा लोकांची ये-जा असलेल्या जागी पक्षी अथवा जनावरे झुंजवणाऱ्यास, तसेच तेथे हजर राहून त्याला साथ देणाऱ्यासही, पोलिसांना वॉरंटाशिवाय पकडता येई. या अधिनियमाची हद्द मात्र विलक्षण होती. मुंबई आणि साष्टी बेटाबाहेर तो रेल्वे, तिची स्थानके आणि स्थानकापासून तीन मैलांच्या, म्हणजे सुमारे पाच किलोमीटरच्या आतील जागा एवढ्यांनाच आपसूक लागू होई. उरलेल्या मुलखासाठी सरकारला वेगळा हुकूम काढावा लागे. लोहमार्ग १८५६ मध्येच खोपोलीपर्यंत पोहोचला असल्याने, तेव्हा ठाणे जिल्ह्यात मोडणाऱ्या आणि १८९१ मध्ये कुलाब्याला, म्हणजे आजच्या रायगडला, जोडल्या गेलेल्या कर्जत तालुक्यात कर्जत-नेरळच्या पेठा या टापूत आल्या आणि भीमाशंकराच्या पायथ्याच्या, खांडसकडच्या ठाकूरवाड्या त्याबाहेर राहिल्या.

कोंबडे किती पाळावेत यावर मात्र कायद्याने कधी बोट ठेवले नाही. कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे काउंटीने झुंजींना आळा घालण्यासाठी चारपेक्षा अधिक कोंबड्यांना परवाना सक्तीचा केला आणि तेथील अपील न्यायालयाने २०१९ मध्ये तो नियम उचलून धरला; पण जेथे पिल्ले उबवणी केंद्रातून विकत आणता येतात, तेथेच जादा नर संशयास्पद ठरू शकतो. ठाकर-कातकरी आदिवासींच्या घरी खुडूक कोंबडी अंडी उबवते, त्यातली निम्मी पिल्ले नर निघतात, रात्री सगळी डालीखाली, म्हणजे बांबूच्या विणलेल्या मोठ्या टोपलीखाली, झाकली जातात आणि त्यांतलाच एखादा कोंबडा वाघोबाच्या नवसाला, पाहुण्याच्या ताटाला किंवा नड पडली की बाजाराला जातो. अशा ठिकाणी नरांची मोजणी म्हणजे घरटी गुन्हेगार शोधणे झाले असते.

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाने प्राण्यांच्या छळाचा विचार केला खरा, तरी झुंजींच्या बाबतीत त्याच्या कलम ११ नेही करमणुकीसाठी झुंज लावणे आणि तिच्यासाठी जागा देणे वा चालवणे एवढेच निषिद्ध ठरवले. धर्माला आवश्यक असलेल्या पद्धतीने प्राणी मारणे कलम २८ नुसार या अधिनियमाखाली गुन्हा नाही. पण नवसाला जाणाऱ्या त्याच कोंबड्याच्या पायाला पाते बांधून तो दुसऱ्यावर सोडणे गुन्हा आहे, आणि पहिल्या खेपेचा दंड १० ते ५० रुपये, ज्यात कर्जतच्या बाजारात गावठी कोंबड्याची तंगडीही येत नाही.