अ‍ॅस्ट्रोसॅट : संवेदकांचे प्रारण-संरक्षण

भारताची पहिली बहुतरंगलांबी अवकाश वेधशाळा. उड्डाण : २८ सप्टेंबर २०१५, श्रीहरिकोटा, पीएसएलव्ही-सी३०. तिच्यावरील तीन मोठी क्ष-किरण उपकरणे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने तयार झाली.

कक्षा : उंची सुमारे ६५० किमी., विषुववृत्ताशी कल फक्त ६ अंश. संवेदकांचे खरे संरक्षण हेच. बाकीचे उपाय दुय्यम मानावेत. दक्षिण अटलांटिकावर पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र दुबळे असल्याने प्रारणपट्ट्यातील प्रोटॉन तेथे बरेच खाली येतात. कल कमी असल्याने अ‍ॅस्ट्रोसॅट या प्रदेशाच्या कडेकडेनेच जाते.

कणमापक (सीपीएम) : सीझियम आयोडाइडचा लहानसा स्फटिक आणि त्याला जोडलेला सिलिकॉन डायोड. प्रोटॉनांचा मारा वाढल्याचे यावरून कळते व इतर उपकरणांचा उच्च विद्युत्‌दाब उतरवता येतो. उपकरण साधे, त्याची दखलही फारशी घेतली जात नाही.

मृदू क्ष-किरण दुर्बीण (एसएक्सटी) : हिच्या केंद्रस्थानी सीसीडी असल्याने सर्वाधिक काळजी येथेच. प्रोटॉनाच्या धक्क्याने सिलिकॉनचे अणू जागचे हलतात आणि जालकात इलेक्ट्रॉन अडकवणारे सापळे तयार होतात. विद्युतभार वाचनटोकापर्यंत पुरता पोहोचत नाही आणि ऊर्जेचे मापन बिघडते. १९९९ साली चंद्रा या क्ष-किरण अवकाश वेधशाळेत हेच घडले. प्रारणपट्ट्यांतून जाताना मंद प्रोटॉन आरशांवरून विखुरत थेट संवेदकांवर आले. तिच्या कॅमेऱ्यातील दहापैकी पुढून प्रकाशित होणाऱ्या आठ सीसीडींना इजा झाली, मागून प्रकाशित होणाऱ्या दोन बचावल्या. तेव्हापासून पट्टे ओलांडताना तो कॅमेरा केंद्रस्थानावरून बाजूला सरकवतात. एसएक्सटीचा कॅमेरा इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठाच्या सहकार्याने झाला. सीसीडी एक्सएमएम-न्यूटन या क्ष-किरण वेधशाळेवरील एमओएस कॅमेऱ्याच्याच जातीची. भोवती प्रोटॉनरोधक कवच, तापमान सुमारे उणे ८० अंश से. कोपऱ्यांतील लोह-५५ च्या किरणोत्सारी ठिपक्यांमुळे बिघाड किती वाढला, हे कक्षेतच पडताळता येते.

कॅडमियम-झिंक-टेल्युराइड प्रतिमाग्राहक (सीझेडटीआय) : संवेदकांखाली सीझियम आयोडाइडचा थर. दोन्हींत एकाच वेळी उमटलेली नोंद वैश्विक किरणाची समजून वगळता येते. वैश्विक किरण उपग्रहाच्या सांगाड्यावर आदळल्याने उमटणारे नोंदींचे पुंजके मात्र संगणकप्रणालीने गाळावे लागतात. या उपकरणाचे विदाकेंद्र पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत आहे.

अतिनील दुर्बीण (यूव्हीआयटी) : हिच्या संवेदकांना धोका प्रारणापेक्षा मुख्यतः तेजस्वी ताऱ्यांच्या प्रकाशाचा.