बादलीतला वीजप्रवाह : गंज काढण्याच्या एका पद्धतीचा प्रवास

#थ्रेड

१/
जुन्या जीपचा किंवा मोटारसायकलचा गंजलेला सुटा भाग घरीच स्वच्छ करणाऱ्यांची एक ठरलेली मांडणी असते. प्लास्टिकची बादली, पाण्यात विरघळवलेला धुण्याचा सोडा, भंगारातला लोखंडी पत्रा आणि बॅटरी चार्जर. चार्जरचे ऋण टोक गंजलेल्या भागाला, धन टोक पत्र्याला. रात्रभर बुडबुडे येत राहतात आणि सकाळी तांबूस गंजाच्या जागी ब्रशने सहज निघणारा काळा लेप उरतो. ही सारी गॅरेजवाल्यांची युक्ती वाटते. पण मित्रांनो, तिचे पूर्वज शोधत गेलो की आपण एकोणिसाव्या शतकातील संग्रहालयांच्या प्रयोगशाळांत जाऊन पोहोचतो.

२/
गंजाशी माणसाचे वैर लोखंडाइतकेच जुने. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने लोखंड गंजू नये म्हणून शिसपांढरी, जिप्सम आणि पातळ डांबर यांचा लेप सुचवला होता. हा प्रतिबंध झाला. चढलेला गंज उतरवायचा तर दोनच वाटा होत्या : घासणे किंवा आंबवणे.

३/
‘आंबवणे’ हा शब्द येथे शब्दशः घ्यावा. पत्र्यावर कथील चढवण्यापूर्वी तो निर्मळ हवा, म्हणून युरोपातले कारागीर आंबवलेल्या धान्याच्या पाण्यात पत्रे बुडवून ठेवत. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्युर याने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात या धंद्याचा बारकाईने अभ्यास केला. पुढे कारखान्यांत गंधकाम्ल आले. आज कुणी गंजलेला नट व्हिनेगरमध्ये टाकतो, तेव्हा तो याच घराण्याची रीत पाळत असतो. या रीतीचा दोष एकच : आम्लाला गंज आणि धातू यांतला भेद पुरता कळत नाही. गंज संपला की ते लोखंड खाऊ लागते.

४/
पत्रा पातळ झाला तर दुसरा आणता येतो. उत्खननात सापडलेली तलवार मात्र एकच असते. शिवाय जमिनीतले क्षार तिच्या गंजात मुरलेले असतात आणि हवेतल्या ओलाव्याबरोबर ते आतल्या आत काम करत राहतात. शतकानुशतके मातीत तग धरलेली वस्तू संग्रहालयाच्या कपाटात येऊन काही वर्षांत पापुद्रे सोडू लागे. मला तर हा पुरातत्त्वाच्या इतिहासातला मोठा उपरोध वाटतो.

५/
याच पेचातून १८८८ साली बर्लिनच्या राजकीय संग्रहालयांनी रसायन प्रयोगशाळा उघडली आणि ती फ्रीडरिख राटगेन या तरुण रसायनशास्त्रज्ञाकडे सोपवली. संग्रहालयाच्या पदरी असलेली अशी ही पहिली प्रयोगशाळा मानली जाते. तेथे कांस्याच्या वस्तूंवर विजेच्या साहाय्याने उपचार होऊ लागले. लोखंडासाठी नॉर्वेच्या क्रेफ्टिंग यांची रीत होती : वस्तूभोवती जस्ताच्या पट्ट्या गुंडाळायच्या आणि ती कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ठेवायची. जस्त स्वतः झिजते, त्याचे इलेक्ट्रॉन लोखंडाकडे जातात आणि गंजाचे क्षपण होते. बाहेरून वीज देण्याची गरजच नाही. आजच्या बादलीत जस्ताच्या जागी चार्जर आला आहे, तत्त्व तेच.

६/
राटगेन यांचा ग्रंथ १८९८ मध्ये जर्मनमध्ये निघाला आणि १९०५ मध्ये इंग्रजीत आला. (जाता जाता : अनुवादकांपैकी डॉ. जॉर्ज ऑडन हे कवी डब्ल्यू. एच. ऑडन यांचे वडील.)

७/
येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ‘वीज गंजाचे पुन्हा लोखंड करते’ असे सर्रास सांगितले जाते. तांबूस गंजाचा बराचसा भाग प्रत्यक्षात काळ्या मॅग्नेटाइटमध्ये बदलतो, सैल होतो आणि पृष्ठभागावर उठणाऱ्या हायड्रोजनच्या बुडबुड्यांनी सुटतो. खड्डे भरून येत नाहीत. गेलेले लोखंड गेलेच. या पद्धतीचा खरा गुण एवढाच की उरलेल्या धातूला ती जवळजवळ धक्का लावत नाही.

८/
मग संग्रहालयांनी पुढे हात आखडता का घेतला? कारण पुष्कळ पुरावस्तूंत मूळ पृष्ठभाग धातूत उरलेलाच नसतो. तो गंजाच्या थरात असतो. कोरीव नक्षी, म्यानाच्या लाकडाचे तंतू, कापडाची वीण, हे सारे गंजाने आपल्या अंगावर जपलेले असते. गंज काढला की ओबडधोबड गाभा हाती येतो आणि पुरावा बादलीच्या तळाशी जातो. ‘स्वच्छ’ आणि ‘अस्सल’ हे दोन शब्द येथे एकमेकांच्या विरोधात उभे राहतात. जुन्या गाड्यांच्या जगातही हा वाद आहे, फक्त तेथे गंजाऐवजी मूळ रंगाविषयी भांडतात.

९/
भक्कम धातू उरलेल्या मोठ्या वस्तूंसाठी मात्र ही पद्धत टिकली. अमेरिकी यादवी युद्धातील ‘मॉनिटर’ ही चिलखती युद्धनौका १८६२ च्या अखेरच्या दिवशी बुडाली. तिचा फिरता तोफबुरूज २००२ मध्ये समुद्रातून वर काढला गेला. सुमारे १२० टनांचा हा बुरूज व्हर्जिनियातील संग्रहालयात अल्कली द्रावणाच्या प्रचंड टाकीत ठेवून मंद वीजप्रवाहाने त्यातले क्षार काढण्याचे काम वर्षानुवर्षे चालले. मापे सोडली तर ही आपली बादलीच.

१०/
एक शाखा आपल्या देशाकडेही वळते. १९०६ मध्ये इंग्लंडमध्ये टॉमस कॉस्लेट यांनी फॉस्फोरिक आम्लाने लोखंडावर फॉस्फेटचा संरक्षक थर चढवण्याचे पेटंट घेतले. १९१५ मध्ये डेट्रॉइटला याच कल्पनेवर पार्कर कंपनी उभी राहिली आणि पुढे मोटारींच्या रंगाखाली फॉस्फेटचा थर रूढ झाला. दुकानात मिळणारे ‘रस्ट कन्व्हर्टर’ अनेकदा याच आम्लाचे असतात. आता दिल्लीचा लोहस्तंभ पाहा. गुप्तकाळातील या सहा टनांहून जड स्तंभाच्या लोखंडात फॉस्फरस भरपूर आहे. आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवले की त्यातूनच पृष्ठभागावर फॉस्फेटयुक्त पातळ थर तयार झाला. अर्थात गुप्तकालीन लोहारांना हे रसायन ठाऊक होते, असा दावा यावरून करता येत नाही. स्तंभाला पाठ लावून मिठी मारणाऱ्यांच्या स्पर्शाने हा थर झिजू लागला, म्हणून १९९७ मध्ये भोवती कुंपण घालावे लागले.

११/
आता बादली भरणाऱ्यांसाठी. धन टोकाला स्टेनलेस स्टील कदापि लावू नये, त्यातून विषारी क्रोमियम संयुगे पाण्यात उतरतात. जस्ताचा मुलामा दिलेला पत्राही नको. मिठाचे पाणी नको, क्लोरीन निघतो. बुडबुड्यांत हायड्रोजन असतो, म्हणून काम उघड्यावर आणि ठिणगीपासून दूर करावे, आणि चिमटे जोडताना वा काढताना चार्जर बंद असावा. अॅल्युमिनियम व जस्ताच्या मिश्रधातूंना हे द्रावण खाते, तेव्हा कार्ब्युरेटर यात टाकू नये. स्प्रिंग आणि कठीण पोलादाचे बोल्टही नकोत, हायड्रोजन शोषून ते ठिसूळ होतात.

१२/
आणि चॅसिस क्रमांक ठोकलेल्या भागावर ग्राइंडर फिरवण्याआधी ही पद्धत करून पाहावी. गंजाखाली दडलेले आकडे बहुधा वाचता येतील इतके शाबूत निघतात. भाग बाहेर काढला की धुऊन लगेच गरम हवेने वाळवावा आणि त्याच दिवशी तेल किंवा प्रायमर लावावा. नाहीतर तासाभरात त्यावर नवा तांबूस गंज धरू लागतो.