आवाजांना नावे असतात : बाल्कन लोकसंगीताचा माग

१९७७च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अमेरिकेने सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे आणि तिच्यावर केसरबाई केरकरांची भैरवी आहे, ही गोष्ट मराठी रसिकाला आता नवी राहिलेली नाही. गोव्यातल्या केरी गावच्या या थोर गायिकेवर लिहिणारा प्रत्येक जण ‘जात कहाँ हो’चा तो अवकाशप्रवास सांगतोच. व्हॉयेजर-१ निघाल्यानंतर अकराच दिवसांनी केसरबाई गेल्या, हेही आवर्जून सांगितले जाते. मीही या तबकडीकडे वळलो तो त्यांच्यासाठीच. पण तिच्यावर एकूण २७ रचना आहेत. त्या क्रमाने ऐकताना बीथोवनच्या पाचव्या सिंफनीचा भाग संपला आणि जे सुरू झाले, त्याने माझ्या पुढच्या कित्येक वर्षांच्या ऐकण्याची दिशा ठरवली.

चामड्याच्या पिशवीत हवा भरून वाजवायच्या दोन वाद्यांचा खोल, न तुटणारा सूर आणि त्याच्यावर एका स्त्रीचा उघडा, धारदार आवाज. ठेका नाही, घाई नाही. एखादा स्वर लांबवर धरायचा, शेवटी त्याला बारीक हरकत द्यायची, पुन्हा आधारस्वरावर यायचे. तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला हे परके वाटेना, आणि आपले आहे असेही म्हणता येईना. ही गायिका म्हणजे बल्गेरियाच्या दक्षिणेकडील रोदोपी डोंगरातली वाल्या बाल्कान्स्का.

तबकडीवरच्या रचनांची यादी वाचताना आणखी एक गोष्ट डोळ्यांत भरली. केसरबाईंच्या आणि बाल्कान्स्काच्या रचनेपुढे गायिकेचे नाव आहे. पेरूमधल्या लग्नाच्या गाण्यापुढे आणि काँगोच्या जंगलातल्या मुलींच्या गाण्यापुढे मात्र ध्वनिमुद्रण करणाऱ्या पाश्चात्त्य संशोधकाचे नाव आहे, गाणारीचे नाही. लोकसंगीत दूरच्या श्रोत्यापर्यंत पोहोचते तेव्हा कोणाची नावे त्याच्याबरोबर येतात आणि कोणाची वाटेत गळतात? बाल्कन संगीताचा माग काढताना हा प्रश्न सतत माझ्यासोबत राहिला.

एका चुकलेल्या अक्षराचा अडसर

पहिली अडचण अगदी साधी होती. नासाच्या यादीत या गाण्याच्या नावातला एक शब्द ‘हागदुतिन’ असा वाचला जाईल अशा तऱ्हेने छापलेला आहे. मूळ शब्द ‘हायदुतिन’. रोमन लिपीत बल्गेरियन नावे लिहिण्याच्या इतक्या तऱ्हा आहेत की एकच गाणे, एकच गायिका चार ठिकाणी चार रूपांत भेटते. शेवटी मी सिरिलिक लिपी शिकून घेतली. अक्षरे फक्त तीस, आणि उच्चार बहुतेक लिहिल्याबरहुकूम. देवनागरीची सवय असलेल्याला त्यात फार कष्ट पडत नाहीत. तेव्हापासून कॅसेटच्या वेष्टणांवरची आणि ग्रंथालयांच्या सूचींतली नावे वाचता येऊ लागली.

‘हायदुत’ म्हणजे उस्मानी सत्तेविरुद्ध डोंगर धरलेला माणूस. सरकारदरबारी लुटारू, गावकऱ्यांच्या लेखी वीर. देल्यो हा रोदोपीतला असाच एक हायदुत. साध्या गोळीने तो मरेना म्हणून चांदीची गोळी ओतावी लागली, अशी आख्यायिका त्याच्याभोवती आहे. गाण्यातला प्रसंग मात्र लढाईचा नाही. गावात मागे राहिलेल्या आपल्या दोन मावश्या-आत्यांचे धर्मांतर करू नका, असा इशारा तो तिथल्या सत्ताधाऱ्यांना देतो. विषय ऐकून आपल्याला पोवाडा आठवेल, पण चाल पोवाड्याची नव्हे. रोदोपीतली अशी गाणी तालाविना गायली जातात, आणि साथीला असते ती ‘काबा गायदा’, म्हणजे खर्जातली मोठी गायदा. हे ध्वनिमुद्रण मार्टिन केनिग आणि एथेल रेम या अमेरिकी अभ्यासकांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस बल्गेरियात जाऊन केले. नन्सच कंपनीच्या तबकडीतून ते अमेरिकेत पोहोचले आणि तिथून अवकाशात गेले.

‘गूढ’ कसे तयार झाले

बाल्कन संगीताशी बाहेरच्या जगाची मोठी ओळख झाली ती मात्र दुसऱ्याच दाराने. मार्सेल सेलिए या स्विस संगीतप्रेमीने बल्गेरियन आकाशवाणीच्या स्त्रीवृंदाच्या गाण्यांची एक तबकडी १९७५ मध्ये काढली. तिला नाव दिले ‘बल्गेरियन आवाजांचे गूढ’ अशा अर्थाचे, फ्रेंच भाषेत. १९८६ मध्ये लंडनच्या फोर-एडी या कंपनीने ती पुन्हा बाजारात आणली. ही कंपनी एरवी तरुणांचे रॉक संगीत काढणारी, त्यामुळे लोकसंगीताच्या वाटेला कधी न गेलेला श्रोता या गाण्यांना मिळाला. पुढच्या भागाला १९९० मध्ये ग्रॅमी पुरस्कारही लाभला.

ती गाणी ऐकून थक्क न होणारा श्रोता विरळाच. दोन स्वर एकमेकांना इतके खेटून उभे की त्यांच्या घर्षणातून घंटेसारखा नाद उठावा, आणि गळे असे मोकळे की मधे भिंतच नसावी. हजारो वर्षांपूर्वीचे काही कानावर येते आहे असे वाटते, आणि ‘गूढ’ हा शब्द त्या वाटण्याला खतपाणी घालतो. प्रत्यक्षात या वृंदाची स्थापना १९५२ची. आदल्याच वर्षी फिलिप कुतेव या संगीतकाराने लोकगीते आणि नृत्ये यांचा राज्यवृंद उभा केला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या समाजवादी राजवटीला सोव्हिएत धर्तीवर लोककलेचे भव्य, शिस्तबद्ध रूप रंगमंचावर हवे होते. कुतेव यांनी खेड्यांतून उत्तम गळ्यांच्या मुली निवडल्या, त्यांचा मूळचा मोकळा आवाज तसाच ठेवला आणि त्याच्यासाठी पाश्चात्त्य पद्धतीची बहुस्वरी रचना लिहिली. क्रासिमिर क्युर्कचिइस्की यांच्यासारख्या पुढच्या पिढीतल्या रचनाकारांनी ती अधिक धाडसी केली. म्हणजे ज्याला जगाने पुरातन मानले, ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, शिकलेल्या संगीतकारांनी कागदावर लिहिलेले संगीत होते.

मग त्याच्या मुळाशी काय होते? सोफियाच्या परिसरातल्या शोप प्रदेशातल्या खेड्यांत स्त्रिया आजही दोन गटांत गातात. एक गट गाणे पुढे नेतो, दुसरा खाली एक सूर धरून राहतो. वरचा आवाज त्या धरलेल्या सुराच्या अगदी शेजारी येऊन थांबतो. आपल्याकडे षड्जाला कोमल किंवा शुद्ध रिषभ असा घासत राहिला तर तो सुटून षड्जावर कधी येतो याची आपण वाट पाहतो. शोप स्त्रीला तसे सुटणे नकोच असते, त्या घर्षणातच तिला गोडी वाटते. बिस्त्रित्सा गावच्या ‘बाबी’, म्हणजे आज्या, यांच्या गायनाचा युनेस्कोने २००५ मध्ये गौरव केला तो याच परंपरेसाठी. वृंदाची तबकडी आणि या आज्यांचे गाणे पाठोपाठ ऐकले की कोणता रंग खेड्याचा आणि कोणता रचनाकाराचा, हे कान आपोआप वेगळे करू लागतात. माझ्यापुरते सांगायचे तर त्यानंतर वृंदाचे गाणे मला अधिकच आवडू लागले, कारण त्यामागचे कसब आता ऐकू येत होते.

रूपक उलटा धरला की

लयीच्या बाबतीत मराठी श्रोत्याला थोडी आगाऊ शिदोरी असते. ‘राचेनित्सा’ हे बल्गेरियाचे लाडके नृत्य सात मात्रांचे आहे : दोन, दोन, तीन. आपला रूपक तीन, दोन, दोन. मॅसेडोनियातल्या ‘लेस्नोतो’ची आणि ग्रीकांच्या ‘कालामातियानोस’ची विभागणी तर थेट रूपकाचीच. ‘पायदुश्को’ दोन-तीन असा पाचाचा, म्हणजे अर्धा झपताल. ‘कोपानित्सा’ अकरा मात्रांचा : दोन, दोन, तीन, दोन, दोन. युरोपीय संगीतकारांना यांनी फार काळ चकवले. दोब्री ह्रिस्तोव यांनी १९१३ मध्ये या लयींचे विवेचन बल्गेरियन भाषेत केले होते. १९३८ मध्ये बेला बार्तोक यांनी ‘तथाकथित बल्गेरियन लयी’वर लिहिले, आणि ‘मिक्रोकॉसमॉस’ या पियानो-रचनांच्या मालिकेचा शेवट याच लयीतल्या सहा नृत्यांनी केला.

ही शिदोरी मात्र अर्ध्या वाटेपर्यंतच पुरते. राचेनित्सा रंगात आला की मात्रा मोजायला उसंतच मिळत नाही. नाचणारे मोजतही नाहीत. त्यांच्या पायांना ठाऊक असतात दोनच गोष्टी, आखूड पाऊल आणि लांब पाऊल. आखूड, आखूड, लांब : झाला राचेनित्सा. कॉन्स्टँटिन ब्राइलॉय्यू या रुमानियन संशोधकाने १९५१ मध्ये या लयींना ‘आक्साक’, म्हणजे लंगडी, हे तुर्की नाव रूढ केले ते याच कारणाने. त्यांच्या मते दोनास तीन या प्रमाणातल्या दोन कालखंडांची ती गुंफण आहे. आपल्या तालात आवर्तन असते, काल आणि खाली असते, कितीही दूर गेले तरी समेची ओढ असते. इथे वर्तुळात हात धरून पुढे सरकणारी माणसे असतात. रूपकाने मला दार उघडून दिले. आत गेल्यावर बोटांनी मोजणे थांबवून पायांनी ऐकायला शिकावे लागले.

शोधायला आलेले

प्रत्येक परका श्रोता आपला प्रश्न घेऊन बाल्कनमध्ये येतो. हार्वर्डचे मिलमन पॅरी १९३३ ते १९३५ या काळात युगोस्लाव्हियात आले ते होमरसाठी. लेखनाविना इतकी दीर्घ महाकाव्ये कशी रचली जातात, हे त्यांना जिवंत गायकांकडून समजून घ्यायचे होते. मॉन्टेनेग्रोतल्या बियेलो पोल्ये इथे त्यांना अव्दो मेजेदोविच हा निरक्षर खाटीक भेटला. त्याने सांगितलेले एकच आख्यान बारा हजारांहून अधिक ओळींचे भरले. पॅरी त्याच वर्षी, १९३५च्या डिसेंबरात, अकाली गेले. त्यांचे सहायक अल्बर्ट लॉर्ड यांनी १९६० मध्ये ‘द सिंगर ऑफ टेल्स’ हा ग्रंथ लिहून हे काम जगापुढे ठेवले.

पॅरींच्या ॲल्युमिनियमच्या तबकड्यांत वीरकाव्यांबरोबर स्त्रियांची गाणीही होती. होमरच्या प्रश्नाशी त्यांचा फारसा संबंध नव्हता. त्यांच्याकडे लक्ष गेले ते बार्तोक यांचे. युद्धामुळे देश सोडून न्यूयॉर्कला आलेल्या बार्तोक यांनी कोलंबिया विद्यापीठात बसून त्यांतल्या ७५ गाण्यांचे अतिशय सूक्ष्म स्वरलेखन केले. प्रत्येक कंप, प्रत्येक हरकत त्यांनी कागदावर उतरवली. १९५१ मध्ये ते पुस्तक निघाले तेव्हा बार्तोक हयात नव्हते. प्रत्यक्ष गायिकांना कधीही न भेटता, केवळ तबकडीवरून, इतक्या आदराने ऐकता येते, याचा हा मोठाच दाखला आहे.

गाणे कोणाचे?

या शोधात एक जागा अशी येते की निव्वळ आस्वाद पुरत नाही. अदेला पेएवा या बल्गेरियन दिग्दर्शिकेचा ‘हे गाणे कोणाचे?’ अशा नावाचा माहितीपट २००३ मध्ये आला. एकाच चालीचा माग घेत ती तुर्कस्तान, ग्रीस, अल्बानिया, बोस्निया, मॅसेडोनिया, सर्बिया असे फिरते. जिथे जाते तिथे लोक म्हणतात, चाल आमचीच. ती दुसऱ्यांची असू शकते असे नुसते सुचवले तरी आवाज चढतात.

बल्गेरियात या भांडणाला सरकारी बळ मिळाले होते. १९८४-८५च्या हिवाळ्यात तिथल्या राजवटीने तुर्की वंशाच्या नागरिकांना सक्तीने बल्गेरियन नावे घ्यायला लावली. तुर्की भाषेवर, पेहरावावर, संगीतावर बंधने आली. झुर्ना हे आपल्या सनईच्या कुळातले वाद्य, रोमा वादकांनी पिढ्यान्‌पिढ्या लग्नकार्यांत वाजवलेले. तेही नकोसे ठरले. त्याच काळात इवो पापाझोव हा क्लॅरिनेटवादक लग्नांतून धुमाकूळ घालत होता. तो तुर्की-रोमा घराण्यातला, जन्मनाव इब्राहिम. त्याच्या वादनात बल्गेरियन नृत्यलयी, तुर्की वळणे आणि जॅझ इतक्या वेगाने एकत्र येत की त्यांना वेगळे करणे अशक्य व्हावे. शुद्धतेच्या कैवाऱ्यांना हेच खुपत होते. त्याला तुरुंगवासही घडला. १९८९च्या उन्हाळ्यात तीन लाखांहून अधिक तुर्क बल्गेरिया सोडून गेले. पापाझोवची ‘ऑर्फियस असेंडिंग’ ही तबकडी पाश्चात्त्य बाजारात आली तीही १९८९ मध्येच.

या तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. लंडनमध्ये ‘गूढ’ म्हणून बल्गेरियन आवाजांचे कौतुक सुरू झाले ते १९८६ साल, नावे बदलण्याच्या मोहिमेनंतर जेमतेम वर्षभराने. वृंदातल्या गायिकांचा यात काही दोष नाही, आणि त्यांच्या गाण्याची गोडीही यामुळे उणावत नाही. परंतु ‘गूढ’ या शब्दाला इतिहास लागत नाही, वर्ष लागत नाही, माणूस लागत नाही. दूरच्या श्रोत्याला तो फार सोयीचा वाटतो, आणि म्हणूनच त्याच्यावर विसंबून चालत नाही.

त्या वृंदात गाणाऱ्या तीन स्त्रियांनी ‘त्रियो बुल्गारका’ या नावाने स्वतंत्रपणेही गायन केले. यान्का रूपकिना काळ्या समुद्राजवळच्या स्त्रांजा डोंगरातली, एवा गेओर्गिएवा ईशान्येकडच्या दोब्रुजाच्या सपाटीतली, स्तोयांका बोनेवा नैर्ऋत्येकडच्या पिरिनमधली. तीन प्रदेश, तीन गळे. इंग्रज गायिका केट बुश यांच्या १९८९च्या ‘द सेन्शुअल वर्ल्ड’ या तबकडीवरही त्या ऐकू येतात. वृंदात एकजीव झालेले आवाज इथे सुटे होतात. काही दिवस नेमाने ऐकले की रूपकिनाची ती थरथरती, लांबवलेली हरकत ओळखू येते, आणि मग वृंदाच्या ‘कालिमान्कु देन्कु’मध्ये पुढे येऊन गाणारी तीच आहे हेही कळते. मराठी वाचकाला हे संगीत ऐकायचे असेल तर मी याच गाण्यापासून सुरुवात करायला सांगेन : आधी यान्का रूपकिना हे नाव, मग क्युर्कचिइस्की यांनी तिच्यामागे उभी केलेली स्वरांची भिंत, आणि मग स्त्रांजा कुठे आहे ते पाहायला नकाशा.