हे वाचलंस का?

अमळनेरला तुम्ही उतरता तेव्हा पाऊस नुकताच उघडलेला असतो. साल १९२८, महिना ऑगस्ट. सुरतेहून भुसावळकडे जाणारी गाडी धुराचा लोट सोडत पुढे निघून जाते. अजून तुमच्या कानात डब्यातल्या गप्पा घुमतायत. याच लोहमार्गावर, सुरतेच्या अलीकडे, बारडोली आहे. तिथल्या शेतकऱ्यांनी फेब्रुवारीपासून वाढीव सारा भरला नाही, जप्त्या झाल्या तरी हटले नाहीत, आणि वल्लभभाई पटेलांच्या या लढ्यापुढे सरकारला नमतं घ्यावं लागलं. डब्यातला जो तो हेच सांगत होता. सांगणाऱ्याचा आवाज चढत होता, ऐकणारा मांडीवर थाप मारत होता.

सवयीनं तुमचा हात खिशाकडे जातो. खिशात फोन नाही. ही बातमी आता कुणाला सांगायची तर चालत जाऊनच सांगावी लागेल.

मग तुम्ही चालू लागता. काळी माती पायाला धरते, दर चार पावलांना चप्पल झाडावी लागते. बोरी नदीवरून गार वारा येतोय. गिरणीचा भोंगा होतो आणि गल्लीतून माणसांचा लोंढा येतो, अंगावर कापसाचे तंतू चिकटलेले. गावात प्रताप शेठजींनी १९१६ साली उभारलेलं तत्त्वज्ञान मंदिर आहे. तिथं तत्त्वज्ञानाचा अभ्यास करायला कोकणातल्या पालगडचा एक तरुण आला होता, पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे पुढचे साने गुरुजी. मन रमलं नाही त्याचं तिथं. १९२४ साली तो खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत शिक्षक झाला. पुढं ही शाळा प्रताप हायस्कूल म्हणून ओळखली जाईल. शाळेच्या छात्रालयाची जबाबदारीही त्याच्याकडेच आहे. तुम्हाला त्या छात्रालयातच जायचंय.

रात्र झालीय. मुलं कळण्याची भाकरी खाऊन झोपलीयत. ओळीनं अंथरुणं, उशाशी पेट्या, खुंट्यांवर सदरे. एका खोलीत मात्र कंदील जळतोय. तुम्ही दाराशी उभे राहता.

अठ्ठावीस वर्षांचे साने सर बसलेले आहेत. अंगावर खादीचं धोतर आणि सदरा. भोवती पुस्तकं पसरलेली, काही इंग्रजी, काही मराठी, एखादं संस्कृत. बाजूला वर्तमानपत्रांची चळत. ते वाचतात, थांबतात, पान मागं उलटून पुन्हा वाचतात. मग टाक दौतीत बुडवतात आणि लिहू लागतात. कंदिलाची काच एका बाजूनं काळवंडलीय, म्हणून कागद थोडा कलता धरलाय. तुम्ही जवळ जाऊन बघता. वर नाव आहे: ‘छात्रालय’. हे दैनिक आहे, हातानं लिहिलेलं. छापखाना नाही, वर्गणी नाही, जाहिरात नाही. वाचक किती, तर या छपराखाली झोपलेली मुलं तेवढी.

थोडा वेळ बघत राहिलात की एक गोष्ट तुमच्या लक्षात येते. लिहिण्यापेक्षा त्यांचा जास्त वेळ निवडण्यात जातोय. समोर केवढा पसारा आहे! जगातल्या घडामोडी, थोरांची चरित्रं, कविता, विचार, शोधांच्या हकिगती. त्यातलं सगळं मुलांना देता येणार नाही, दिलं तरी ती वाचणार नाहीत. म्हणून एक प्रसंग उचलायचा, तो सोपा करायचा, त्यातला अवघड शब्द काढून घरातला घालायचा. एक ओळ लिहून होते. सर ती वाचतात, खोडतात, पुन्हा लिहितात. इंग्रजीतलं लांबलचक वाक्य मराठीत उतरताना तीन वाक्यांचं होतं, आणि तिसरं तर एखादी आई लेकराला सांगेल तसं.

शेजारच्या खोलीत एक मूल खोकतं. सर टाक खाली ठेवतात, उठतात, त्याच्या अंगावरची घोंगडी सारखी करतात. परत येताना वाटेत पडलेला कुणाचा तरी सदरा उचलून घडी घालतात. पुन्हा लिहायला बसतात. आता तुम्हाला उमगतं, की ही दोन कामं त्यांच्या लेखी वेगळी नाहीत. घोंगडी सारखी करायची ती ज्याच्यासाठी, चांगलं वाचलेलं लिहून ठेवायचं तेही त्याच्यासाठीच. अमुक मुलगा घाबरट आहे, त्याला हा प्रसंग धीर देईल. तमुक आईवेगळा आहे, त्याला ती गोष्ट जवळची वाटेल. आपला वाचक रात्री कुठल्या कुशीवर झोपतो हेसुद्धा ठाऊक असलेला संपादक तुम्ही याआधी पाहिलेला नाही.

सकाळ होते. अंकाभोवती मुलांची झुंबड.

“आज काय लिखेल शे रे?”

“थांब ना भो, पहिले मी वाचस.”

एक मोठा मुलगा मोठ्यानं वाचू लागतो. मागं उभा असलेला धाकटा टाचा उंचावतो आणि मधेच विचारतो, “बारडोली कोठे शे?”

“आपलीच गाडी जास तठे,” मोठा सांगतो.

धाकट्याच्या चेहऱ्याकडे बघा. काल रात्रीपर्यंत बारडोली हे त्याच्यासाठी कुठलं तरी लांबचं नाव होतं. आता ते आपल्या स्टेशनातून जाणाऱ्या गाडीचं एक ठिकाण झालं. जग एका रात्रीत तेवढं जवळ आलं. घंटा होते, मुलं पांगतात. जाता जाता तोच धाकटा मागं वळून म्हणतो, “सकाय काय राही?” उद्या काय असेल? त्या एका प्रश्नासाठी कुणीतरी आज रात्री पुन्हा कंदील लावणार आहे.

याच वर्षी साने सरांनी ‘विद्यार्थी’ नावाचं मासिकही सुरू केलं. १९३० साली सत्याग्रहाची हाक आली तेव्हा नोकरी सोडून ते चळवळीत उतरले आणि तुरुंगात गेले. छात्रालयातल्या त्या खोलीतला कंदील विझला. चांगलं दिसलं की दुसऱ्याला दाखवायचं, ही त्यांची खोड मात्र तुरुंगातही गेली नाही. ती बघायला आता धुळ्याला चला.

रविवार, १९ जून १९३२. धुळ्याचा तुरुंग. उन्हाळा संपत आलाय, भिंतींमधला उकाडा तसाच आहे. कैदी दाटीनं बसलेत, तुम्हीही त्यांच्यातच बसा. कुणी शेतकरी आहे, कुणी विद्यार्थी, कुणी दुकानदार. जमनालाल बजाजांसारखे मोठे व्यापारीही याच तुरुंगातले कैदी. समोर छत्तीस वर्षांचे विनोबा भावे बोलतायत. २१ फेब्रुवारीपासून दर रविवारी गीतेचा एकेक अध्याय ते सांगत आले. आज अठरावा रविवार आणि अठरावा अध्याय.

विनोबांच्या हातात लिहून आणलेलं भाषण नाही. ते बोलतील आणि शब्द हवेत विरून जातील. तुरुंगातल्या भाषणाला ना ध्वनिमुद्रण ना बातमीदार. पण तुमच्या शेजारी पाहा. साने गुरुजी मान खाली घालून लिहितायत. विनोबांचं वाक्य पुरं होण्याआधी त्याचा अर्धा भाग कागदावर आलेला असतो. मधेच एखाद्या दृष्टांतानं आजूबाजूला हसू पसरतं. गुरुजीही हसतात, पण हात थांबत नाही. अठरा रविवार त्यांनी हेच केलं.

या कागदांची ‘गीता प्रवचने’ झाली. हे पुस्तक पुढं भारतातल्या बहुतेक भाषांमध्ये गेलं आणि लाखो घरांत पोचलं. आज तुमच्या घरातल्या कपाटातही असेल कदाचित, आजीच्या चष्म्याशेजारी ठेवलेलं. त्यावर विनोबांचं नाव आहे आणि तेच योग्य आहे. पण हे आपल्यापुरतं ठेवायचं नाही असं ठरवून लिहीत बसलेला एक माणूस त्या बराकीत नसता, तर ती प्रवचनं धुळ्याच्या त्या भिंतींच्या आतच संपली असती.

आता शेवटचा मुक्काम. अमळनेरला अहिराणी ऐकलीत. जळगावात कानावर लेवा गणबोली पडते. पहाट आहे, जुन्या गावातला चौधरी वाडा. जात्याची घरघर चाललीय आणि तिच्या लयीत एक बाई गातेय. या बहिणाबाई. जन्म आसोद्याचा, १८८० सालचा. तेराव्या वर्षी लग्न होऊन या घरात आल्या, तिशीत वैधव्य आलं. अक्षरओळख नाही. शेतात, चुलीशी, जात्यावर जे सुचतं ते म्हणतात. घरातल्यांना त्यात नवल वाटत नाही, घरातलं बोलणं आहे ते.

पण घरात एक कवी आहे, मुलगा सोपानदेव. आई गातेय, तो ऐकतोय, आणि हातात वही आहे. सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पीतांबर चौधरी, दोघांनी मिळून ही गाणी अशी जमतील तशी टिपून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. जातं थांबलं. वही मात्र उरली होती. सोपानदेवांनी ती मुंबईत आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्र्यांना त्या पानांचं मोल तिथल्या तिथं कळलं, आणि १९५२ साली त्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ महाराष्ट्रासमोर आली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. एका लेकाला आईचं गाणं लिहून घ्यावंसं वाटलं आणि पुढं ते दाखवायला तो योग्य माणसाकडे गेला, या दोन साध्या गोष्टींवर हे सगळं उभं आहे.

डोळे उघडा. जळगाव, तुमचं घर, रात्रीचे दहा. फोन हातात आहे. कुटुंबाच्या ग्रुपवर शंभरेक निरोप साचलेत. सुप्रभात, फुलं, कुणाचं तरी औषध, कुणाचा तरी इशारा, तोच व्हिडिओ तीन जणांनी पाठवलेला. पाठवणाऱ्यांपैकी कुणीही तो पूर्ण पाहिलेला नाही. पुढं ढकलायला एक बोट पुरतं, म्हणून ढकलला.

याच फोनच्या काचेमागं काय काय ठेवलंय ते बघा, आणि आज जरा साने सरांच्या डोळ्यांनी बघा.

मराठी विश्वकोश आहे, सगळे खंड, फुकट. त्याचे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आपल्या धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचे. म्हणजे हा खजिना घरचाच म्हणायचा. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा १८५७ सालचा मराठी-इंग्रजी शब्दकोश आहे, दात्यांचा महाराष्ट्र शब्दकोशही आहे. आजीच्या तोंडचा एखादा शब्द टाकून बघा. सापडला तर तिला वाचून दाखवा, नाही सापडला तर तिच्याकडून अर्थ लिहून घ्या. १८८० साली छापलेलं खानदेशचं गॅझेटियर स्कॅन करून ठेवलेलं आहे. तेव्हा जळगाव आणि धुळे एकाच खानदेश जिल्ह्यात होते, १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम अशी वाटणी झाली. जुन्या नद्या, बाजारपेठा, पिकं, वाटा, किल्ले असं सगळं त्यात आहे. आपल्या तालुक्याचं नाव त्यात शोधताना रात्रीचे बारा कधी वाजतात ते कळतही नाही.

आणि साने गुरुजी स्वतःही तिथं आहेत. ११ जून १९५० ला ते गेले. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो. म्हणून २०११ च्या पहिल्या दिवसापासून त्यांची पुस्तकं सर्वांची झाली. कुणीही ती उतरवून घ्यावी, छापावी, वाटावी. ज्या माणसानं आयुष्यभर वाटलं, त्याचं लेखनही आता मुक्तपणे वाटायचं आहे.

पण हे सगळे दुवे एकाच वेळी ग्रुपवर टाकलेत तर काय होईल? सुप्रभातच्या फुलांखाली ते गाडले जातील. खजिना सापडला तरी त्यातलं एक नाणं कुणाच्या तळहातावर ठेवायचं, ते माणसालाच ठरवावं लागतं. छात्रालयातल्या त्या खोलीत तुम्ही पाहिलंत ते हेच.

तुमचा भाचा धुळ्याला नववीत आहे. भूगोल नको वाटतो असं परवाच म्हणाला होता. तुम्ही विश्वकोशातली तापीची नोंद उघडता आणि शेवटपर्यंत वाचता. मग दुवा चिकटवण्याआधी स्वतः लिहू लागता. पहिलं वाक्य पुस्तकी होतं, ते खोडता. दुसऱ्यांदा लिहिता:

“अरे, हे वाचलंस का? आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेला पळतात, आपली तापी उलटी, पश्चिमेला. मुलताईला निघते, ७२४ किलोमीटर चालून सुरतेजवळ समुद्राला मिळते. आजीकडे जाताना आपली गाडी तिच्याच खोऱ्यातून जाते. या खेपेला उजेडी निघू आणि खिडकी तू घे.”

ग्रुपवर नाही, फक्त त्याला पाठवता. दोन खुणा निळ्या होतात. बराच वेळ काही येत नाही. फोन उशाशी ठेवून दिवा मालवणार, एवढ्यात काच उजळते.

“अजून शे का असं?”

तुम्ही उठून बसता आणि विश्वकोश पुन्हा उघडता. उद्याचं आजच शोधून ठेवायला हवं.