लोहाराचे पाणी आणि विद्यापीठाची पाटी



जालना म्हणजे सोन्याचा पाळणा, असे जुनी माणसे म्हणत. आज इथल्या औद्योगिक वसाहतीत पाळणा हलतो तो लोखंडाचा. भंगार येते, विजेच्या भट्टीत वितळते आणि रोलिंग मिलमधून सळई होऊन बाहेर पडते. तुमच्या गावच्या शाळेच्या नव्या खोलीत कदाचित हीच सळई असेल. या सळईमागे एक विद्या आहे. तिला पूर्वी धातुशास्त्र म्हणत, आता पदार्थविज्ञान आणि अभियांत्रिकी म्हणतात. ती ऐरणीवरून विद्यापीठात कशी गेली, आणि आपल्या मुलांनी तिच्यात पदव्युत्तर शिक्षण का घ्यावे, हे आज सांगायचे आहे.

आधी आपल्या गावच्या लोहाराकडे पाहू. कोयता लाल झाला की तो त्याची धार पाण्यात बुडवतो. याला आपण पाणी पाजणे म्हणतो. पण हुशार लोहार कोयता पुरता गार होऊ देत नाही. आतली उरलेली धग पुन्हा धारेकडे येऊ देतो. धारेवर पिवळा, मग जांभळा, मग निळा रंग चढतो, आणि नेमक्या रंगाला तो काम थांबवतो. पाणी कमी पडले तर धार वळते. नुसतेच पाणी पाजले तर धार काचेसारखी तुटते. हे त्याला कोणी पुस्तकातून शिकवले नाही. बापाने लेकाला दाखवले, लेकाने हाताने उचलले.

अशीच हाताची विद्या आपल्या शेजारी एके काळी जगप्रसिद्ध होती. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्याच राज्यात, आजच्या तेलंगणातल्या निजामाबाद भागात, कोनासमुद्रम नावाचे गाव आहे. तिथले कारागीर मातीच्या मुशीत लोखंड बंद करून पोलाद बनवीत. ते घ्यायला इराणी व्यापारी येत. या पोलादाच्या तलवारींच्या पात्यांवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटे. इंग्रजांनी या पोलादाला वूट्झ म्हटले. त्याचे नमुने लंडनला गेले, आणि १७९५ साली तिथल्या रॉयल सोसायटीपुढे त्यावर निबंध वाचला गेला. पुढे १८१९ मध्ये मायकेल फॅरडेने त्याचे पृथक्करण केले. विजेच्या शोधांमुळे ज्याचे नाव शाळेत शिकवतात तोच हा फॅरडे. आणि बरे का, तोही एका लोहाराचाच मुलगा!

मग ते पोलाद गेले कुठे? विलायतेचे स्वस्त पोलाद आले, गिऱ्हाईक गेले, भट्ट्या विझल्या. कृती हातात होती, ती हातांबरोबरच गेली. पुढे कितीतरी वर्षे युरोप-अमेरिकेतली मंडळी ती नक्षी पुन्हा उमटवायला धडपडत होती. १९९८ साली अमेरिकेतले धातुशास्त्राचे प्राध्यापक व्हेरहोवन आणि पेंड्रे नावाचे एक लोहार यांनी मिळून एक उत्तर मांडले. त्यांचे म्हणणे असे, की त्या खनिजात व्हॅनेडियमसारख्या धातूंचा अगदी अल्प अंश असे, आणि नक्षी त्याच्यामुळे उमटे. खाण बदलली की नक्षी नाहीशी, आणि कारागिराला कारण कळायला मार्गच नव्हता. कोडे सुटले ते प्राध्यापक आणि लोहार एकत्र बसले तेव्हा, हे ध्यानात ठेवा.

‘कसे’ हे हाताला ठाऊक असते. ‘का’ हे शोधावे लागते. तो शोध १८६३ च्या सुमारास इंग्लंडात शेफील्डला सॉर्बी या गृहस्थाने सुरू केला. त्याने पोलादाचा तुकडा आरशासारखा घासला, सौम्य आम्लाने धुतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. त्याला धातूच्या आतली रचना दिसली. विद्यापीठाची पाटी या विद्येवर लागली ती यानंतर. आपल्या देशात १९२३ साली बनारस हिंदू विद्यापीठात धातुशास्त्राचे शिक्षण सुरू झाले. १९५८ साली मुंबईत आयआयटी निघाली, आणि त्याच वर्षी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. जगातही तेव्हा वारे बदलत होते. रशियाचा उपग्रह १९५७ मध्ये आकाशात गेला. त्यानंतर १९६० साली अमेरिकेने विद्यापीठांत पदार्थसंशोधनाच्या मोठ्या प्रयोगशाळा काढायला पैसा दिला. धातू, चिनी माती, काच, प्लॅस्टिक यांचा विचार एकाच शास्त्रात होऊ लागला.

आता जालन्याला परत येऊ. इथली टीएमटी सळई कशी बनते? तांबडी सळई मिलमधून निघते न निघते तोच तिच्यावर पाण्याचा जोरदार मारा होतो. वरची साल कठीण होते. आतली धग मग बाहेर येते आणि सालीचा ठिसूळपणा काढते. गाभा मऊ, लवचीक राहतो. ओळखलेत ना? लोहाराचेच पाणी हे! फरक इतकाच, की इथे पाण्याचा दाब, सळईचा वेग आणि उष्णता मोजून ठरवावी लागते. ५०० प्रतीच्या सळईने दर चौरस मिलिमीटरला सुमारे ५१ किलोचा ताण कायमचे न ताणता सोसावा, असे मानक आहे. शिवाय तिने तुटण्याआधी वाकावे. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप मराठवाड्याला विसरता येत नाही. तिथे पडली ती बहुतेक दगडमातीची घरे. आता आपण काँक्रीटची बांधतो, तर आतली सळई कशी आहे हा प्रश्न जीवनमरणाचा आहे.

अडचण अशी, की विजेची भट्टी भंगार वितळवते, पण त्यातला फॉस्फरस आणि गंधक सहज काढत नाही. फॉस्फरस वाढला की लोखंड ठिसूळ होते. भंगार तर रोज वेगळे. कोनासमुद्रमच्या कारागिरापुढचा जो प्रश्न, तोच हा: माल बदलला, आता काय करायचे? याचे उत्तर ज्याला ‘का’ ठाऊक आहे तोच देऊ शकेल.

म्हणून शिक्षकबंधू-भगिनींना सांगणे आहे. हा विषय मुंबईच्या आयआयटीत, पुण्याच्या अभियांत्रिकी विद्यापीठात आणि नागपूरच्या विश्वेश्वरय्या संस्थेत आहे. पदवीनंतर गेट नावाची परीक्षा देऊन एम.टेक.ला जाता येते, पुढे पीएच.डी. करता येते. भौतिक वा रसायनशास्त्राच्या एम.एस्सी. झालेल्यांनाही अनेक ठिकाणी वाट आहे. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे एक आवार तर २०१८ पासून खुद्द जालन्यात आहे.

आठवी-नववीच्या वर्गाला एकदा लोहाराच्या भट्टीवर न्या. धारेवर चढणारे रंग दाखवा. कोणी विचारील, ‘गुरुजी, निळाच रंग का?’ त्या मुलाचे नाव टिपून ठेवा आणि त्याच्या आईवडिलांना भेटा. जालन्याच्या भट्ट्यांना त्या मुलाची गरज आहे.