हबलचा आरसा आणि १.३ मिलिमीटर

तारे लुकलुकतात ते कवींना आवडते, खगोलशास्त्रज्ञांना नाही. लुकलुकणे हा ताऱ्याचा गुण नव्हेच. हवेच्या सतत हलणाऱ्या, कमी-अधिक दाट थरांतून येताना त्याचा प्रकाश वाकडातिकडा होतो, एवढेच. शिवाय अतिनील किरण तर वातावरण बहुतांशी वरच अडवून धरते. तेव्हा दुर्बीणच हवेच्या वर नेऊन ठेवावी, असे लायमन स्पिट्झर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४६ मध्ये सविस्तर मांडले. पहिला कृत्रिम उपग्रह सुटायला तेव्हा अजून अकरा वर्षे अवकाश होता! पुढे नासाच्या खगोलशास्त्र विभागाच्या पहिल्या प्रमुख नॅन्सी रोमन यांनी ही कल्पना नेटाने लावून धरली आणि २४ एप्रिल १९९० रोजी ‘डिस्कव्हरी’ यानातून हबल दुर्बीण अवकाशात गेली. मुख्य आरसा २.४ मीटर व्यासाचा, खर्च सुमारे दीड अब्ज डॉलर.

जूनच्या अखेरीस नासाला जाहीर करावे लागले, की आरशाचा आकार चुकला आहे.

चूक केवढी? आरशाची कड हवी त्यापेक्षा सुमारे २ मायक्रॉनने जास्त सपाट झाली होती. माणसाच्या केसाच्या जाडीचा हा साधारण पन्नासावा भाग. पण तेवढ्यानेही मधल्या भागावरून परतणारे किरण एका ठिकाणी आणि कडेचे किरण दुसऱ्या ठिकाणी एकत्र येऊ लागले. गोलीय विपथन म्हणतात ते हेच. ताऱ्याचा ७० टक्के प्रकाश एका बारीक ठिपक्यात मिळायला हवा होता. मिळाला जेमतेम १५ टक्के.

ल्यू ॲलन यांच्या चौकशी समितीने या चुकीचा माग काढला, तो शिक्षकांनी मुळातून समजून घेण्यासारखा आहे. आरसा अमेरिकेतील पर्किन-एल्मर कंपनीत घासला गेला. त्याचा आकार तपासायला दोन छोटे आरसे आणि एक भिंग असलेले एक खास उपकरण बनवले होते. आरशाचा वक्र बरोबर असेल, तर या उपकरणातून दिसणारे प्रकाशाचे पट्टे सरळ येणार. भिंगाचे अंतर ठरवायला एक धातूची दांडी वापरली होती. दांडीच्या टोकावर टोपी, टोपीला बारीक छिद्र. प्रकाश छिद्रातून आत जाऊन दांडीच्या टोकावरून परत यायचा. टोपीला प्रकाश परतू नये असा लेप दिलेला होता. त्या लेपाचा एक कण उडाला होता आणि प्रकाश दांडीऐवजी टोपीवरूनच परतला. भिंग १.३ मिलिमीटरने चुकीच्या जागी बसले. बसवताना स्क्रू पुरेना, तेव्हा खाली वॉशर घालून भागवण्यात आले. (इथेच कुणीतरी थांबायला हवे होते.)

मग आरसा अत्यंत काटेकोरपणे घासला गेला, पण चुकीच्या उपकरणाबरहुकूम.

खरी गोष्ट पुढेच आहे. आणखी दोन उपकरणे तिथे होती आणि त्या दोघांनीही काहीतरी बिघडले आहे असे दाखवले होते. पण ती पहिल्याइतकी अचूक नव्हेत, म्हणून दोष त्यांचाच धरला गेला. प्रयोगवहीत इतरांशी न जुळणारे वाचन खोडणारा विद्यार्थी आपण सर्वांनी पाहिला आहे. खोडायला सांगणारे शिक्षकही पाहिले आहेत. इथे तेच झाले. उपकरण बारीक मोजते, म्हणून ते बरोबरच मोजते असे नव्हे. पैसा आणि वेळ दोन्ही संपत आल्याने वेगळ्या पद्धतीची स्वतंत्र चाचणी झालीच नाही.

गंमत अशी, की याच काटेकोरपणाने दुर्बीण वाचली. आरसा वेडावाकडा घासला गेला असता, तर उपाय नव्हता. तो नेमका चुकला होता; म्हणजे चूक गणिताने मोजता येत होती आणि तिच्या उलट चूक मुद्दाम करून ती भरून काढता येत होती. नव्या कॅमेऱ्याच्या आतल्या छोट्या आरशांनाच तसा उलटा वक्र दिला गेला. उरलेल्या उपकरणांसाठी नाण्याएवढ्या आरशांच्या पाच जोड्या प्रकाशाच्या वाटेत आणायच्या होत्या. त्या अडचणीच्या जागेत पोचवायच्या कशा, हे जेम्स क्रॉकर या अभियंत्याला जर्मनीतल्या एका हॉटेलात, न्हाणीघरातला वर-खाली सरकणारा, वळणारा शॉवर पाहून सुचले. या जुळणीला ‘कोस्टार’ असे नाव मिळाले.

डिसेंबर १९९३ मध्ये ‘एन्डेव्हर’ यानातील अंतराळवीरांनी पाच वेळा बाहेर पडून हे सारे बसवले. कोस्टारला जागा करून देण्यासाठी एक मूळ उपकरण, प्रकाशमापक, काढून टाकावे लागले. त्यावर वर्षानुवर्षे खपलेल्या शास्त्रज्ञांचे काय झाले असेल, याविषयी फारसे कुणी बोलत नाही. जानेवारी १९९४ मध्ये नवी छायाचित्रे प्रसिद्ध झाली, ती लख्ख होती.

नंतर आलेल्या प्रत्येक उपकरणात दुरुस्ती आतच केलेली असे. त्यामुळे कोस्टारची गरज संपली आणि २००९ मध्ये त्याला खाली आणण्यात आले. आज ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई व अवकाश संग्रहालयाच्या संग्रहात आहे. हबलसाठी कोडॅक कंपनीने बनवलेला दुसरा, राखीव आरसाही त्याच संग्रहात आहे. त्याचा आकार बरोबर होता. तो कधीच वर गेला नाही.